सॅम ह्यूस्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन शहराचं नाव मराठी घरांत सहज निघतं. कुणाची मुलगी तिथे असते, कुणाचा भाचा. ज्याच्या नावावरून हे शहर वसलं त्या माणसाबद्दल मात्र मराठीत वाचायला फारसं मिळत नाही. त्याच्याविषयी वाचायला घेतलं की जे प्रश्न हमखास पडतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे दोन ओळींत उरकलं तर हा माणूस कळतच नाही.

सॅम ह्यूस्टन कोण होता?

जन्म २ मार्च १७९३, व्हर्जिनिया. मृत्यू २६ जुलै १८६३, टेक्सास. गोऱ्यांच्या वसाहती पश्चिमेकडे सरकत होत्या आणि मूळ रहिवाशांच्या जमिनी गिळत होत्या, त्या काळातला हा सरहद्दीवरचा सैनिक, वकील आणि पुढारी. टेनेसीचा काँग्रेस सदस्य, टेनेसीचा गव्हर्नर, टेक्सासच्या बंडखोर फौजेचा सरसेनापती, स्वतंत्र टेक्सास प्रजासत्ताकाचा दोनदा राष्ट्राध्यक्ष, मग तेरा वर्षं अमेरिकन सिनेटर आणि शेवटी टेक्सासचा गव्हर्नर. दोन वेगवेगळ्या राज्यांच्या मतदारांनी गव्हर्नर म्हणून निवडून दिलेला अमेरिकेच्या इतिहासातला तो एकमेव माणूस. आणि दोन्ही ठिकाणी त्याने मुदत पुरी केली नाही. एकदा स्वतःहून राजीनामा दिला, दुसऱ्यांदा एक शपथ घ्यायला नकार दिला. माझ्या मते त्याला समजून घ्यायचं तर सॅन जसिंटोच्या लढाईतल्या विजयापेक्षा या नकाराकडे जास्त पाहायला हवं.

तो घरातून पळून आदिवासींमध्ये राहिला होता, हे खरं आहे का?

खरं आहे. वडील वारल्यावर आई एलिझाबेथ नऊ मुलांना घेऊन १८०७ मध्ये टेनेसीतल्या मेरीव्हिलजवळ आली. थोरल्या भावांनी सॅमला दुकानात बसवलं. त्याला तिथे करमेना. शाळेत तो फार टिकला नव्हता, पण होमरच्या ‘इलियड’च्या, अलेक्झांडर पोप या कवीने केलेल्या इंग्रजी अनुवादाने त्याला झपाटलं होतं. सोळाव्या वर्षी, १८०९ मध्ये, तो घर सोडून हायवॉसी नदीतल्या बेटावर चेरोकी लोकांकडे गेला. तिथला प्रमुख ऊलूटेका, ज्याला गोरे जॉन जॉली म्हणत, त्याने सॅमला मुलासारखं वागवलं आणि कोलोनेह, म्हणजे डोमकावळा, असं नाव दिलं. तो जवळपास तीन वर्षं तिथे राहिला, भाषा शिकला. अधूनमधून मेरीव्हिलला येऊन चेरोकी मित्रांसाठी उधारीवर भेटवस्तू न्यायचा. ही उधारी अंगावर आल्यावर ती फेडण्यासाठी १८१२ मध्ये त्याने चक्क शाळा काढून मुलांना शिकवलं.

पोरवयातलं हे वेड मोठेपणी सरलं नाही, म्हणून ते महत्त्वाचं. पुढे आयुष्य कोसळलं तेव्हा तो याच ऊलूटेकाच्या दारात जाऊन उभा राहिला.

अँड्र्यू जॅक्सनशी त्याची ओळख कशी झाली?

रणांगणावर. १८१३ मध्ये ह्यूस्टन अमेरिकन सैन्यात भरती झाला. २७ मार्च १८१४ रोजी आजच्या अलाबामातल्या हॉर्सशू बेंडला जॅक्सनच्या फौजेने क्रीक जमातीतल्या ‘रेड स्टिक’ गटावर हल्ला केला. या लढाईत चेरोकी योद्धे जॅक्सनच्या बाजूने होते. ह्यूस्टन तटबंदीवर सर्वांत आधी चढलेल्यांपैकी एक. खाली उडी मारताच मांडीच्या वरच्या बाजूला काटेरी टोकाचा बाण रुतला. त्याने शेजारच्या अधिकाऱ्याला तो ओढायला सांगितलं. दोनदा ओढून निघेना, तेव्हा ह्यूस्टनने तलवार उगारून पुन्हा ओढायला लावलं. बाण मांसासकट बाहेर आला आणि रक्ताची धार लागली. जॅक्सनने त्याला मागे थांबायला सांगितलं होतं. पण संध्याकाळी शेवटच्या मोर्चावर चालून जायला माणसं मागितली गेली, तेव्हा हा पुन्हा पुढे झाला आणि उजव्या हाता-खांद्यात दोन गोळ्या खाऊन पडला. सर्जनने एक गोळी काढली, दुसरी काढण्यात अर्थ नाही असं ठरवलं, कारण हा रात्र काढणार नाही अशी त्याची खात्री होती.

ह्यूस्टनने रात्र काढली. जखम मात्र जन्मभर पुरती भरली नाही. त्या दिवसापासून जॅक्सन त्याचा पाठीराखा झाला, आणि जॅक्सन पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे या नात्याला वजन आलं. १८४५ च्या जूनमध्ये जॅक्सन शेवटच्या घटका मोजत असल्याचं कळताच ह्यूस्टन लहानग्या मुलाला घेऊन टेनेसीला धावला, पण काही तास उशीर झाला.

चेरोकींचा मित्र म्हणवणाऱ्याने त्यांनाच गाव सोडायला लावलं?

हो, आणि त्याचे चाहते ही गोष्ट घाईने उरकतात. १८१७ मध्ये सरकारने त्याला चेरोकींकडे उपप्रतिनिधी म्हणून पाठवलं. काम होतं ऊलूटेकाच्या लोकांना वडिलोपार्जित जमीन सोडून अर्कान्सासकडे जायला राजी करण्याचं. ते त्याने केलं. गोऱ्यांपासून लांब गेले तरच हे लोक जगतील असं त्याला वाटत होतं, असं त्याच्या बाजूने म्हणता येतं. पण ज्यांनी त्याला घरात घेतलं त्यांच्या विस्थापनाला त्याचा हात लागला, हे खोडता येत नाही.

१८१८ च्या सुरुवातीला तो चेरोकी शिष्टमंडळाबरोबर वॉशिंग्टनला गेला आणि चेरोकी वेशातच युद्धमंत्री जॉन कॅल्हूनपुढे उभा राहिला. कॅल्हूनने शिष्टमंडळाचं नीट स्वागत केलं आणि नंतर ह्यूस्टनला बाजूला घेऊन कपड्यांवरून झापलं. वर गुलामांच्या चोरट्या व्यापाराचा आळही आला. त्यातून तो निर्दोष सुटला, पण मानी माणूस, त्याने सैन्याची नोकरीच सोडली.

राजकारणात तो इतक्या झपाट्याने वर कसा गेला?

नॅशव्हिलला कायद्याचा अभ्यास करून काही महिन्यांतच सनद मिळवली, लेबननमध्ये वकिली सुरू केली, १८२१ मध्ये राज्याच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरी सेनेचा, मेजर जनरल झाला. १८२३ ते १८२७ काँग्रेसमध्ये दोन मुदती, १८२७ मध्ये टेनेसीचा गव्हर्नर. सहा फुटांहून उंच, आवाज खणखणीत, पोशाखाची हौस आणि माणसं नावानिशी लक्षात ठेवण्याची सवय. शिवाय डोक्यावर जॅक्सनचा हात. १८२६ मध्ये त्याने जनरल विल्यम व्हाइटशी पिस्तुलाचं द्वंद्वही केलं. व्हाइट जबर जखमी झाला पण वाचला. त्यानंतर ह्यूस्टनने द्वंद्वाची आव्हानं कधी स्वीकारली नाहीत, आणि आव्हानं देणारे पुढे पुष्कळ भेटले.

गव्हर्नरपदाचा राजीनामा का दिला? बायकोशी काय बिनसलं?

२२ जानेवारी १८२९ रोजी त्याने गॅलाटिनच्या बड्या घराण्यातल्या एलायझा ॲलनशी लग्न केलं. तो पस्तिशीचा, ती विशीच्या आसपासची. अकरा आठवड्यांत ती माहेरी निघून गेली. १६ एप्रिलला ह्यूस्टनने राजीनामा दिला आणि काही दिवसांतच बोटीने पश्चिमेला निघून गेला. निवडणूक तोंडावर होती आणि पुढे थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत वाट दिसत होती.

काय घडलं ते दोघांपैकी एकानेही जगाला सांगितलं नाही. जुनी जखम, तिचं दुसरीकडे मन, त्याचा संशयी स्वभाव, असे तर्क दोनशे वर्षं चालले आहेत आणि त्यात मी भर घालणार नाही. मला त्याच्या गप्प बसण्याबद्दल आदर वाटतो. एक शब्द बोलून तो दोष तिच्यावर ढकलू शकला असता आणि त्या काळच्या पुरुषांनी तो विनातक्रार मान्य केला असता. त्याने सगळी बदनामी स्वतःवर घेतली, आणि तिच्या चारित्र्याबद्दल कुणी वावगं बोललं तर सोडणार नाही असं बजावलं.

मग पुढची तीन वर्षं कुठे होता?

ऊलूटेकाकडे, आजच्या ओक्लाहोमातल्या फोर्ट गिब्सनच्या परिसरात. म्हाताऱ्या प्रमुखाने त्याला पुन्हा आपलं म्हटलं. ऑक्टोबर १८२९ मध्ये चेरोकी राष्ट्राचं नागरिकत्व मिळालं. डायना रॉजर्स नावाच्या चेरोकी विधवेशी त्याने तिथल्या रिवाजाने संसार केला, व्यापारी ठाणं काढलं. दारूही इतकी वाढली की आदिवासींमध्ये त्याचं ‘मोठा दारुड्या’ असं नाव पडलं. तरीही याच काळात तो चेरोकींच्या वतीने वॉशिंग्टनच्या खेपा करत होता आणि त्यांना फसवणाऱ्या सरकारी प्रतिनिधींविरुद्ध वृत्तपत्रांत लिहीत होता.

काँग्रेस सदस्याला रस्त्यात काठीने मारल्याचा किस्सा काय आहे?

१८३२ मध्ये ओहायोचा सदस्य विल्यम स्टॅनबेरी याने सभागृहात ह्यूस्टनचं नाव आदिवासींच्या शिध्याच्या कंत्राटातल्या गैरव्यवहाराशी जोडलं. ह्यूस्टनने पत्र पाठवून खुलासा मागितला, उत्तर आलं नाही. १३ एप्रिलच्या संध्याकाळी पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर दोघं समोरासमोर आले आणि ह्यूस्टनने हिकरीच्या काठीने त्याला बडवला. स्टॅनबेरीने पिस्तूल ह्यूस्टनच्या छातीला लावून चाप ओढला, पण बार उडाला नाही.

प्रतिनिधीगृहाने ह्यूस्टनवर आपल्याच दालनात खटला चालवला. त्याचा वकील होता फ्रान्सिस स्कॉट की, अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारा. ह्यूस्टन दोषी ठरला, सभापतीने समज दिली, आणि पुढे न्यायालयाने ५०० डॉलर दंड केला, जो जॅक्सनने माफ केला. मारहाण ती मारहाणच, तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण महिनाभर सगळी वृत्तपत्रं त्याच्याबद्दल लिहीत होती आणि विस्मृतीत गेलेला माणूस पुन्हा राष्ट्रीय मंचावर आला.

टेक्सासला तो कधी गेला?

डिसेंबर १८३२ मध्ये रेड नदी ओलांडून. तेव्हा टेक्सास मेक्सिकोचा भाग होता. अमेरिकेतून आलेले वसाहतवाले तिथे मूळच्या मेक्सिकन रहिवाशांपेक्षा कितीतरी जास्त झाले होते. त्यांना स्वस्त जमीन हवी होती आणि बऱ्याच जणांना गुलामही ठेवायचे होते, जे मेक्सिकोच्या कायद्यात बसत नव्हतं. त्यात मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता ॲनाने राज्यांचे अधिकार काढून सत्ता राजधानीत एकवटली. १८३५ च्या शरद ऋतूत ठिणगी पडली. जॅक्सननेच ह्यूस्टनला टेक्सास बळकवायला पाठवलं असं तेव्हाही बोललं जायचं. जॅक्सनला टेक्सास हवं होतं आणि ह्यूस्टनला नवी सुरुवात, एवढं नक्की. ह्यूस्टनने नॅकडोचेसला वकिली मांडली आणि तिथल्या नियमाप्रमाणे कॅथलिक बाप्तिस्माही घेतला.

अलामोच्या लढाईत तो होता का?

नव्हता. सान अँटोनियोचं ते ठाणं धरून ठेवू नये असंच त्याचं मत होतं. जानेवारी १८३६ मध्ये त्याने जिम बोवीला तिकडे पाठवलं. गव्हर्नरची संमती मिळाली तर तटबंदी उडवून तोफा मागे आणायच्या, असा बेत होता. बोवी आणि नंतर विल्यम ट्रॅव्हिस यांनी तिथेच लढायचं ठरवलं. २ मार्चला, म्हणजे ह्यूस्टनच्या ४३ व्या वाढदिवशी, वॉशिंग्टन-ऑन-द-ब्रॅझोस या गावी टेक्सासचं स्वातंत्र्य घोषित झालं. जाहीरनाम्यावर त्याचीही सही आहे. ६ मार्चला पहाटे सांता ॲनाच्या फौजेपुढे अलामो पडलं.

तो सारखा माघार घेत होता, मग त्याला शूर कसं म्हणायचं?

हा प्रश्न त्याच्याच सैनिकांनी, मंत्र्यांनी आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष डेव्हिड बर्नेट यांनी त्याला तोंडावर विचारला होता. बर्नेटने तर शत्रू तुम्हाला हसतोय, माघार पुरे, लढा, असं पत्रच धाडलं.

११ मार्चला ह्यूस्टन गोन्झालेसला पोचला तेव्हा तिथे ३७४ माणसं होती, बहुतेक शेतकरी. दोन दिवसांनी सुझाना डिकिन्सन अलामोतून तान्ह्या मुलीला घेऊन आली आणि सगळे मारले गेल्याची बातमी तिने सांगितली. गोन्झालेसमधून ३२ जण अलामोच्या मदतीला गेले होते. एका क्षणात त्या लहानशा गावात घरोघरी रडारड सुरू झाली. ह्यूस्टनने त्याच रात्री गाव रिकामं करून जाळायचा हुकूम दिला. शत्रूला धान्य मिळू नये आणि छप्परही मिळू नये. त्या वसंतात पाऊस थांबत नव्हता. बैलगाड्या चिखलात रुतत होत्या, बायका-पोरं पायी पूर्वेकडे निघाली होती, रोगराईने माणसं मरत होती. २७ मार्चला गोलियाडला शरण आलेल्या, टेक्सासच्या बाजूने लढणाऱ्या फॅनिनच्या तुकडीतले तीनशेहून अधिक कैदी गोळ्या घालून मारले गेले. आता टेक्सासकडे ह्यूस्टनच्या हाताखालच्या माणसांखेरीज काहीच उरलं नव्हतं.

ही एकुलती एक फौज संपली तर सगळंच संपलं, हे त्याला इतरांपेक्षा स्पष्ट दिसत होतं. ब्रॅझोस नदीकाठी ग्रोसच्या मळ्यावर त्याने जवळपास दोन आठवडे मुक्काम केला आणि या जमावाला कवायत शिकवली. सिनसिनाटीच्या लोकांनी वर्गणीतून पाठवलेल्या दोन तोफा तिथेच हाती आल्या. सैनिक त्यांना ‘जुळ्या बहिणी’ म्हणत. ‘यलो स्टोन’ या आगबोटीने फौज नदीपार झाली. दरम्यान सांता ॲनाने आपली फौज वाटून टाकली होती, आणि पळणाऱ्या सरकारला पकडण्याच्या घाईत तो स्वतः सातशेच्या आसपास माणसं घेऊन पुढे धावला होता. ह्यूस्टन याचीच वाट पाहत होता, की त्याचे सैनिक म्हणत तसं त्यांनीच त्याला लढायला भाग पाडलं, यावर आजही वाद आहे. मला तरी वाटतं की चाळीसेक दिवस शिव्या खात फौज शाबूत ठेवणं हे एका दिवसाच्या हल्ल्यापेक्षा अवघड काम होतं.

सॅन जसिंटोला नक्की काय झालं?

२१ एप्रिल १८३६. बफेलो बायू या संथ ओढ्याच्या काठी दोन्ही छावण्यांमध्ये मैलाहून कमी अंतर. सकाळी मेक्सिकन जनरल कोस पाचशेवर माणसं घेऊन आला आणि मेक्सिकन फौज बाराशे-तेराशेपर्यंत गेली. टेक्सासची माणसं ९०० च्या आसपास. ह्यूस्टनचा हेर डेफ स्मिथ याने जवळचा व्हिन्सचा पूल तोडला. आता दोघांनाही पळायची वाट अवघड झाली.

दुपारी साडेचारच्या सुमारास ह्यूस्टनने हल्ला केला. कोसची माणसं रात्रभर चालून आलेली, बाकीचे मोर्चे बांधून थकलेले. छावणी वामकुक्षीत होती आणि समोर पुरेसा पहारा नव्हता. मधल्या उंचवट्याने आणि गवताने चाल झाकली. ‘अलामो आठवा’ असं ओरडत माणसं तुटून पडली. लढाई म्हणावी अशी १८ मिनिटं चालली. ह्यूस्टनच्या घोट्याला गोळी लागली, अंगाखालचा घोडा मेला.

त्यानंतर जे झालं त्याला लढाई म्हणता येणार नाही. दलदलीत शिरलेल्या, हात वर केलेल्या सैनिकांना टेक्सासवाले अंधार पडेपर्यंत मारत राहिले. अधिकाऱ्यांनी आवरायचा प्रयत्न केला, कुणी ऐकलं नाही. ह्यूस्टनच्या अहवालाप्रमाणे ६३० मेक्सिकन मेले आणि ७३० कैद झाले. टेक्सासची ९ माणसं गेली. १८ मिनिटांचा विजय सांगताना पुढचे तास वगळू नयेत.

सांता ॲना हाती लागल्यावर त्याला फाशी का दिली नाही?

दुसऱ्या दिवशी तो साध्या सैनिकाच्या कपड्यांत सापडला. छावणीत आणताच कैदी सैनिक अदबीने उठून ‘एल प्रेसिदेंते’ म्हणू लागले आणि बिंग फुटलं. ह्यूस्टन ओकच्या झाडाखाली जखमी पाय घेऊन पडला होता. भोवती अलामो आणि गोलियाडचा सूड मागणारी माणसं होती. पण टेक्सासात आणखी काही हजार मेक्सिकन सैन्य फिरत होतं, आणि त्याला मागे फिरण्याचा हुकूम देऊ शकणारा एकच माणूस इथे जिवंत होता. ह्यूस्टनने त्याच्याकडून तो हुकूम लिहून घेतला. मेलेला सांता ॲना काहीच कामाचा नव्हता.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने काय केलं?

सप्टेंबर १८३६ च्या निवडणुकीत टेक्सासच्या वसाहतीचा जनक मानला जाणारा स्टीफन ऑस्टिनही त्याच्यासमोर टिकला नाही. तिजोरी रिकामी, सैन्य बेशिस्त, मेक्सिको स्वातंत्र्य मानायला तयार नाही. ह्यूस्टनचं धोरण साधं होतं: खर्च कमी, आदिवासींशी तह, मेक्सिकोवर स्वारी नाही, आणि अमेरिकेत विलीन होण्याचा प्रयत्न. ३ मार्च १८३७ रोजी, पद सोडायच्या आदल्या दिवशी, जॅक्सनने टेक्सासला मान्यता दिली.

लागोपाठ दोनदा उभं राहता येत नसल्याने मधे मिराबो लमार आला आणि त्याने सगळं उलटं केलं. कर्ज ७० लाख डॉलरच्या घरात नेलं, राजधानी ऑस्टिन या गावी हलवली. १८४१ मध्ये ह्यूस्टन परतला. १८४२ च्या डिसेंबरात त्याने ऑस्टिनमधलं सरकारी दफ्तर गुपचूप हलवायला माणसं पाठवली, तर खानावळ चालवणाऱ्या अँजेलिना एबर्ली यांनी भर रस्त्यात तोफ डागून गाव जागं केलं आणि दफ्तर परत गेलं. २९ डिसेंबर १८४५ ला टेक्सास अमेरिकेचं राज्य झालं.

ह्यूस्टन शहर त्यानेच वसवलं का?

नाही. ऑगस्टस आणि जॉन किर्बी ॲलन या जमिनीचा धंदा करणाऱ्या भावांनी १८३६ च्या ऑगस्टमध्ये बफेलो बायूकाठी जागा घेतली आणि ताज्या विजेत्याचं नाव देऊन प्लॉट विकायला काढले. १८३७ ते १८३९ ती प्रजासत्ताकाची राजधानीही होती.

टेक्सासातल्या चेरोकींना दिलेल्या शब्दाचं काय झालं?

२३ फेब्रुवारी १८३६ रोजी ह्यूस्टनने त्यांचा प्रमुख बोल्स याच्या गावी जाऊन तह केला. युद्धात चेरोकी तटस्थ राहतील, बदल्यात पूर्व टेक्सासातली त्यांची जमीन त्यांच्या नावावर होईल. चेरोकींनी आपला शब्द पाळला. ज्या आठवड्यांत टेक्सास कुणीही गिळू शकलं असतं त्या आठवड्यांत ते शांत राहिले. डिसेंबर १८३७ मध्ये टेक्सासच्या सिनेटने तह फेटाळला, राष्ट्राध्यक्ष ह्यूस्टन असताना. १८३९ च्या जुलैमध्ये लमारच्या सैन्याने नेचेस नदीजवळ चेरोकींवर हल्ला केला. ऐंशी ओलांडलेला बोल्स तिथे मारला गेला. ह्यूस्टनने भेट दिलेली तलवार तेव्हा त्याच्या कमरेला होती असं सांगतात. ह्यूस्टन भर सभेत मारेकऱ्यांविरुद्ध बोलला, लोक चिडले, पण जमीन गेली ती गेलीच. दुसऱ्या मुदतीत त्याने इतर जमातींशी पुन्हा तह केले.

दारू सुटली का?

सुटली, मार्गारेट ली यांच्यामुळे. मे १८४० मध्ये अलाबामातल्या मॅरियन गावी लग्न झालं. ती २१ ची, तो ४७ चा. सगळ्यांनी नाकं मुरडली, पण संसार चांगला झाला, आठ मुलं झाली. नोव्हेंबर १८५४ मध्ये इंडिपेंडन्स गावाजवळच्या ओढ्याच्या गार पाण्यात ह्यूस्टनने बाप्टिस्ट पंथाची दीक्षा घेतली.

सिनेटमध्ये त्याची कामगिरी कशी होती?

लांबलचक भाषणं चालू असताना तो बाकावर चाकूने लाकूड तासत बसायचा आणि केलेली खेळणी वाटून टाकायचा, हे सगळे सांगतात. याहून मोठी गोष्ट मतदानाची. नव्या प्रदेशात गुलामगिरी जाऊ द्यायची का हा त्या काळचा मूळ तंटा. दक्षिणेचा असून त्याने ओरेगॉनमध्ये गुलामगिरी नको या बाजूने मत दिलं आणि या तंट्यावरच्या १८५० च्या तडजोडीला पाठिंबा दिला. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का विधेयक आलं. त्याने गुलामगिरीची हद्द आखणारी १८२० ची मिसूरी तडजोड मोडत होती आणि तिथल्या आदिवासींना दिलेली वचनंही. दक्षिणेतल्या सिनेटरांपैकी दोघांनीच विरोधात मत दिलं: टेनेसीचा जॉन बेल आणि ह्यूस्टन. टेक्सासच्या विधिमंडळाने निषेध केला आणि १८५७ मध्ये त्याची जागा दुसऱ्याला दिली. त्याच वर्षी तो गव्हर्नरपदाची निवडणूक हरडिन रनेल्सकडून हरला. दोन वर्षांनी त्याच रनेल्सला हरवून आला.

त्याच्याकडे गुलाम होते का?

होते. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत १२ गुलामांची नोंद आहे. गुलामगिरी पसरू नये असं तो म्हणे, आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार पुन्हा सुरू करायला त्याचा विरोध होता, पण गुलामगिरी नष्ट करा असं तो म्हणाला नाही. चांगला मालक होता वगैरे सांगून हे सौम्य करू नये.

त्याच घरातला गुलाम जोशुआ ह्यूस्टन लिहायला-वाचायला आणि लोहारकाम शिकला होता. ह्यूस्टनच्या मृत्यूनंतर मार्गारेट हलाखीत असताना त्याने आपली साठवलेली सोन्याची नाणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती घेतली नाहीत, मुलांच्या शिक्षणाला वापर म्हणाल्या. स्वातंत्र्यानंतर जोशुआ हंट्सव्हिलच्या नगरपरिषदेत आणि पुढे काउंटीच्या कारभारात निवडून आला. त्याचा मुलगा सॅम्युएल वॉकर ह्यूस्टन नामवंत शिक्षक झाला. टेक्सासच्या इतिहासात या ह्यूस्टनांबद्दलही तितकंच वाचायला हवं.

१८६१ मध्ये त्याने शपथ का नाकारली?

लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेची राज्यं फुटून निघू लागली. गव्हर्नर ह्यूस्टनने विधिमंडळाचं अधिवेशन बोलवायला जितकी टाळाटाळ करता येईल तितकी केली. फुटीरांनी आपली परिषद भरवली आणि १ फेब्रुवारीला १६६ विरुद्ध ८ मतांनी ठराव केला. २३ फेब्रुवारीच्या जनमतातही तीनचतुर्थांश लोक फुटण्याच्या बाजूने गेले. ह्यूस्टनचं म्हणणं असं की लोकांनी संघराज्य सोडायचं ठरवलं असेल तर टेक्सास पुन्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होईल, पण त्याला नव्या कॉन्फेडरसीत, म्हणजे फुटलेल्या राज्यांच्या संघात, बांधण्याचा हक्क परिषदेला कुणी दिला? परिषदेने सर्व अधिकाऱ्यांना कॉन्फेडरसीची शपथ घ्यायला फर्मावलं.

१५ मार्चची रात्र त्याने गव्हर्नरच्या घरात वरच्या मजल्यावर येरझारा घालत काढली. सकाळी खाली येऊन मार्गारेटला सांगितलं की हे माझ्याकडून होणार नाही. १६ मार्चला सभागृहात त्याचं नाव तीनदा पुकारलं. तो तळमजल्यावर बसून लाकूड तासत होता, उठला नाही. पद रिकामं झाल्याचं जाहीर झालं आणि डेप्युटी एडवर्ड क्लार्क गव्हर्नर झाला.

वय ६८, खिशात पैसा नाही, आणि ज्यांच्यासाठी लढला तेच लोक देशद्रोही म्हणत आहेत. त्याने चार हुद्दे आणि दोन संसार गमावले होते, पण दरवेळी काही ना काही परत मिळेल अशी आशा होती. या वेळी नव्हती.

लिंकनने फौज देऊ केली होती, ती का घेतली नाही?

जवळच्या मित्रांशी बोलून त्याने नकार कळवला. खुर्ची टिकवायला टेक्सासच्या लोकांचं रक्त सांडायची त्याची तयारी नव्हती. मात्र गप्पही बसला नाही. एप्रिल १८६१ मध्ये गॅल्व्हेस्टनला संतापलेल्या जमावासमोर त्याने सांगितलं की लाखो माणसं आणि अमाप संपत्ती घालवूनही तुम्ही जिंकाल याची मला शंका आहे. उत्तरेचे लोक तुमच्यासारखे तापट नाहीत, पण एकदा हलले की थांबत नाहीत. पुढची चार वर्षं अगदी तशीच गेली.

शेवटची वर्षं कशी गेली? मुलांचं काय झालं?

थोरला सॅम ज्युनियर वडिलांचं मन मोडून कॉन्फेडरेट सैन्यात गेला. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत जखमी होऊन उत्तरेच्या कैदेत पडला आणि नंतर सुटून घरी आला. ह्यूस्टन हंट्सव्हिलला भाड्याच्या घरात राहत होता, आगबोटीसारख्या दिसणाऱ्या त्या घराला ‘स्टीमबोट हाऊस’ म्हणतात. २६ जुलै १८६३ रोजी न्यूमोनियाने तिथेच गेला. मार्गारेट उशाशी होत्या. शेवटचे शब्द टेक्सासचं आणि त्यांचं नाव, असं घरच्यांनी सांगितलं. धाकटा टेम्पल ओक्लाहोमात गाजलेला वकील झाला. अँड्र्यू जॅक्सन ह्यूस्टन १९४१ मध्ये, ८६ व्या वर्षी, काही आठवड्यांसाठी सिनेटर झाला.

ह्यूस्टनला गेल्यावर काय बघता येईल?

शहराच्या पूर्वेला सॅन जसिंटोचं रणांगण आणि ५६७ फुटी स्मारक आहे, वॉशिंग्टनच्या स्मारकापेक्षा उंच. उत्तरेला आय-४५ महामार्गाने साधारण ११० किलोमीटरवर हंट्सव्हिल. गावाबाहेर ह्यूस्टनचा ६७ फुटी पांढरा पुतळा लांबूनच दिसतो आणि बहुतेक गाड्या तिथेच फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. गावात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, आवारात वुडलँड नावाचं त्याचं घर आणि स्टीमबोट हाऊस दोन्ही जपून ठेवली आहेत. ओकवूड स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. ऑस्टिनला जाणार असाल तर ज्या गव्हर्नर निवासात त्याने ती रात्र येरझारा घालत काढली ती इमारत अजून वापरात आहे. आत जायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं.